पहिला टाका कोण घालतो? विषाणूच्या डीएनएची नक्कल सुरू होताना

सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "पुस्तकात 'विषाणू यजमान पेशीची यंत्रणा वापरून आपल्या डीएनएच्या प्रती काढतो' एवढं एकच वाक्य आहे. पण सुरुवात नेमकी होते कशी? पॉलिमरेज कोणाचं, प्रायमर कोण देतं? आणि लम्पी, टोमॅटोचा बोकड्या, कुत्र्यांचा पार्व्हो या सगळ्यांत ती सारखीच असते का?"

सारखी नसते. पुस्तकातलं ते वाक्य पार्व्होला बरोबर बसतं, हर्पिसला अर्धंमुर्धं, आणि लम्पीला जवळजवळ बसतच नाही. (उसाचा मोझॅक आणि द्राक्षाचा लीफरोल आपल्या भागात नेहमी कानावर येतात, पण ते आरएनए विषाणू. त्यांचा हिशेब वेगळा, तो इथे घेत नाही.)

आधी अडचण कुठे आहे ते बघू. डीएनए पॉलिमरेज हे विणणारं एन्झाइम साच्याच्या धाग्यावर जोडीचं एकेक अक्षर (न्यूक्लिओटाइड) बसवत पुढे जातं, पण त्याची एक अट असते. आधीच्या अक्षराच्या ३ प्राइम टोकाला (धागा ज्या टोकाने वाढतो ते; दुसरं ५ प्राइम) मोकळा ओएच गट हवा, कारण नवं अक्षर त्यालाच जोडलं जातं. कोऱ्या साच्यावर ते सुरूच होत नाही. वीण उत्तम येते, पण सुईवर पहिला टाका कुणीतरी घालून द्यावा लागतो, असा हा प्रकार. आपल्या पेशीत तो टाका, म्हणजे प्रायमर, प्रायमेज हे एन्झाइम घालतं: सुमारे १० अक्षरांचा आरएनएचा तुकडा, त्याला लागून पॉलिमरेज-अल्फा साधारण २० अक्षरांचा डीएनए विणतं आणि मग लांब पल्ल्याचं पॉलिमरेज काम हातात घेतं.

दुसरी अडचण परवान्याची. पेशीच्या डीएनएवर नक्कल सुरू करण्याच्या हजारो जागा (आरंभस्थानं) असतात, पण एका विभाजनात प्रत्येक जागा एकदाच वापरता येते. जी-१ या तयारीच्या टप्प्यात त्या जागेवर एमसीएम हे हेलिकेज (डीएनएचे दोन धागे उलगडणारं प्रथिन) बसवलं जातं, एस या नकलेच्या टप्प्यात ते चालू होतं आणि पुन्हा बसवायला बंदी असते. विषाणूला एका पेशीत हजारो प्रती हव्या असतात, त्यामुळे हा नियम पाळून त्याचं भागत नाही. म्हणून बहुतेक डीएनए विषाणू पेशीची जागा शोधणारी यंत्रणा आणि एमसीएम बाजूला ठेवतात आणि जागा ओळखून डीएनए उघडणारं प्रथिन स्वतःचं आणतात. मूळ मुद्दा हाच: विणणारे हात कोणाचेही असोत, टाका कुठे आणि केव्हा घालायचा हे विषाणू स्वतःच्या ताब्यात ठेवतो. एपस्टाइन-बार विषाणू सुप्त असताना मात्र पेशीचीच यंत्रणा वापरतो आणि एका विभाजनात एकदाच नक्कल करतो. त्याला तेव्हा संख्या वाढवायची नसते, फक्त टिकून राहायचं असतं.

सगळ्यात बारकाईने उलगडलेलं उदाहरण एसव्ही-४० या माकडांच्या विषाणूचं. ५,२४३ जोड्यांचा गोल डीएनए. १९८४ मध्ये जोकिम ली आणि थॉमस केली यांनी पेशीबाहेर, परीक्षानळीत त्याची नक्कल करून दाखवली आणि त्यामुळे प्रत्येक भाग सुटा काढून तपासता आला. त्यातून दिसलेला क्रम असा. डीएनए केंद्रकात पोचतो, पेशीचंच आरएनए पॉलिमरेज त्यावरचा सुरुवातीचा जनुक वाचतं आणि लार्ज टी अँटिजेन हे प्रथिन तयार होतं. हे प्रथिन दोन कामं करतं. एकीकडे ते विभाजनाला लगाम घालणाऱ्या पेशीच्या आरबी प्रथिनाला धरतं, त्यामुळे आरबीने अडवून ठेवलेले ई-२-एफ घटक सुटतात आणि विश्रांतीतली पेशी एस टप्प्यात ढकलली जाते. न्यूक्लिओटाइड, पॉलिमरेज, टोकं सांधणारं लायगेज सगळं तयार व्हायला लागतं. अशी बळजबरी झाली की पेशी पी-५३ मार्फत स्वतःला संपवू पाहते, म्हणून टी अँटिजेन पी-५३ लाही बांधून ठेवतं.

दुसरं काम प्रत्यक्ष सुरुवातीचं. एसव्ही-४० च्या आरंभस्थानाचा गाभा फक्त ६४ जोड्यांचा. मध्ये जीएजीजीसी या पाच अक्षरांच्या चार खुणा, एका बाजूला एटी-बहुल पट्टा, दुसऱ्या बाजूला उलटसुलट वाचता येणारा तुकडा. टी अँटिजेन त्या खुणा ओळखून एटीपीच्या मदतीने सहा-सहा जणांची दोन कडी डीएनएभोवती बसवतं, एकमेकांकडे तोंड करून. त्यांच्या दाबाने शेजारचा डीएनए थोडा वितळतो. एटी जोडीत दोनच हायड्रोजन बंध असतात, जीसीत तीन, म्हणून एटी पट्टा तिथे असणं योगायोग नाही. मग प्रत्येक कडं हेलिकेज म्हणून दोन्ही धागे उलगडत निघतं. उघड्या धाग्यावर पेशीचं आरपीए प्रथिन चिकटतं, नाहीतर धागे परत जुळतात. टी अँटिजेन पॉलिमरेज-अल्फा-प्रायमेजला ओढून आणतं आणि पहिला टाका पडतो. पुढे पॉलिमरेजला साच्यावर धरून ठेवणारी पीसीएनएची कडी, ती बसवणारं आरएफसी आणि पॉलिमरेज-डेल्टा काम पूर्ण करतात.

इथे दोन गोष्टी परीक्षेतही विचारतात आणि प्रयोगातही नडतात. टी अँटिजेन तयार असूनही १२४ व्या थ्रिओनिनवर फॉस्फेट लागला नसेल तर उलगडणं नीट होत नाही. तो फॉस्फेट विभाजनाचे टप्पे चालवणारं पेशीचं सीडीके एन्झाइम लावतं, म्हणजे विषाणूही पेशीच्या घड्याळाकडे पाहतोच. आणि एसव्ही-४० उंदराच्या पेशीत शिरतो, टी अँटिजेन बनवतो, पण डीएनएची नक्कल करत नाही. टी अँटिजेनला उंदराच्या पॉलिमरेज-अल्फा-प्रायमेजशी सूत जुळवता येत नाही, म्हणून गाडी तिथेच अडते. 'विषाणू एकाच प्राण्यात का वाढतो' याचं उत्तर दर वेळी पेशीच्या दारावर, म्हणजे रिसेप्टरवर शोधू नये, ते असं आतही असू शकतं. माणसाचा पॅपिलोमा विषाणू याच घरातला विचार करतो: त्याच्या प्रथिनांपैकी ई-२ जागा दाखवतो, ई-१ हेलिकेज उलगडतो आणि ई-७ आरबीला बाजूला सारून वरच्या, विभाजन थांबलेल्या थरातल्या पेशींना परत कामाला लावतो.

आता पार्व्हो. पाच हजार अक्षरांचा एकेरी धागा, त्यात पॉलिमरेजचा जनुक नाही आणि पेशीला एस टप्प्यात ढकलण्याची ताकदही नाही. त्याला वाट बघावी लागते. प्रायमरचा प्रश्न मात्र त्याने सुंदर सोडवलाय: धाग्याचं ३ प्राइम टोक स्वतःवरच दुमडून केसाच्या पिनेसारखं बसतं आणि त्या टोकाचा ओएच हाच पहिला टाका ठरतो. वेगळा प्रायमर लागतच नाही. पेशी एस टप्प्यात आली की पेशीचं पॉलिमरेज तिथून विणायला लागतं. मग विषाणूचं एनएस-१ प्रथिन ठरलेल्या जागी एक धागा चिरतं, नवा ओएच मोकळा होतो आणि टोकाचा राहिलेला भाग भरला जातो. कुत्र्याच्या पिल्लाला पार्व्होत रक्ताची हगवण का लागते आणि पांढऱ्या पेशी का कोसळतात, याचं कारण या वाट बघण्यात आहे. आतड्याच्या खोबणीतल्या आणि अस्थिमज्जेतल्या पेशी सतत विभागत असतात. अगदी लहान पिल्लात हृदयाच्या स्नायूपेशीही विभागत असतात, म्हणून तिथे हृदयावर घाला येतो. मोठ्या कुत्र्यात तो प्रकार दिसत नाही.

टोमॅटोचा बोकड्या आणणारे जेमिनीव्हायरस याच विचाराचे, पण जास्त आक्रमक. साधारण २,७०० अक्षरांचा एकेरी गोल, काही जातींत असे दोन. पांढरी माशी तो झाडाच्या अन्नवाहिनीत सोडते. पेशीचं पॉलिमरेज-अल्फा आधी त्याचा जोडधागा विणतं, कारण दुहेरी झाल्याशिवाय एकही जनुक वाचता येत नाही. मग रेप प्रथिन तयार होतं. ते ठरलेल्या खुणा ओळखून टीएएटीएटीटीएसी या नऊ अक्षरांच्या क्रमात सातव्या अक्षरानंतर धागा चिरतं आणि आपल्या टायरोसिनने चिरेचं ५ प्राइम टोक धरून बसतं. दुसऱ्या बाजूला ३ प्राइमचा ओएच मोकळा. तिथून पॉलिमरेज गोलाभोवती फिरत राहतं आणि जुना धागा सोलपटासारखा बाहेर निघत जातो. एक फेरी झाली की रेप तो कापून टोकं जोडतं. पानातल्या पेशी वाढ पुरी झालेल्या, विभाजन सोडलेल्या असतात. रेप त्यांच्यातलं आरबीसारखं प्रथिन धरून पेशीला पुन्हा नक्कल करायला लावतं. फलटणपासून वाळव्यापर्यंत टोमॅटो घेणाऱ्यांना याचा उपयोग एवढाच की चिरण्याचं हे काम थांबवणारं फवारायचं औषध नाही. झाड आजारी पडल्यावर बुरशीनाशक, अँटिबायोटिक मारून पैसे घालवू नयेत. रोपवाटिकेला बारीक जाळी आणि पांढऱ्या माशीचा बंदोबस्त, तोही रोप कोवळं असतानाच.

हर्पिस वर्गाकडे विणायचा सगळा संच स्वतःचा असतो. हर्पिस सिम्प्लेक्स-१ चा डीएनए सुमारे १ लाख ५२ हजार जोड्यांचा. विषाणूच्या पोटातून आलेलं व्हीपी-१६ पहिले जनुक चालू करतं, त्यातलं आयसीपी-० पेशीचे पहारेकरी पीएमएल ठिपके मोडतं. दुसऱ्या फळीत नक्कल करणारी सात प्रथिनं येतात: जागा ओळखणारं यूएल-९, एकेरी धागा सांभाळणारं आयसीपी-८, हेलिकेज-प्रायमेजचे तीन भाग यूएल-५, यूएल-८ आणि यूएल-५२, पॉलिमरेज यूएल-३० आणि त्याला साच्यावर धरून ठेवणारं यूएल-४२. आरंभस्थानं तीन, एक ओरि-एल आणि दोन ओरि-एस. संसर्गानंतर साधारण तीन तासांनी नक्कल सुरू झालेली दिसते. यूएल-९ ची गरज फक्त सुरुवातीला. पुढे लांबच लांब जोडसाखळ्या तयार होतात आणि त्यात धाग्यांच्या अदलाबदलीचा मोठा हात असतो.

औषध सगळ्यात नेमकं इथेच बसलंय. हर्पिसवरच्या ॲसायक्लोव्हिरला पहिला फॉस्फेट विषाणूचं थायमिडिन कायनेज लावतं, पुढचे दोन पेशी लावते, आणि मग ते ग्वानिनच्या जागी विणलं जातं. त्याला ३ प्राइम ओएचच नाही, म्हणून वीण तिथेच तुटते. म्हणजे औषध टाका घालू देतं, पण पुढचा अडकवायला कडीच ठेवत नाही. हे औषध शोधणाऱ्या गटातल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ चं नोबेल मिळालं. औषध लागू पडेनासं झालं तर दोष बहुतेक वेळा कायनेज निकामी झाल्याचा असतो. तेव्हा फॉस्फेटची गरज नसलेलं, थेट पॉलिमरेजवर बसणारं फॉस्कार्नेट चालतं. हेलिकेज-प्रायमेजवर बसणारं अमेनामेव्हिर जपानमध्ये २०१७ पासून नागिणीवर वापरात आहे. विट्याच्या अंड्यांच्या पोल्ट्रीत धास्ती असते त्या मरेक्सचा विषाणूही हर्पिस कुळातला. पण कळपावर औषधाचा हिशेब बसत नाही. पिल्लू अंड्यातून बाहेर पडल्या दिवशी द्यायची लस हाच उपाय.

ॲडेनोव्हायरसबद्दल थोडक्यात, जरी पोल्ट्रीवाल्यांना 'लीची' म्हणून त्यातल्या एकाची चांगली ओळख आहे. त्याचा डीएनए सरळ आणि पहिला टाका चक्क प्रथिनाचा. पीटीपी प्रथिनाच्या सेरिनवर पहिलं सी अक्षर बसतं आणि तोच प्रायमर. माणसाच्या ॲडेनोव्हायरसमध्ये साच्याच्या टोकाला जीटीएजीटीए असा तीन अक्षरांचा पुनरुच्चार असतो. विणकाम चौथ्या अक्षरापासून सुरू होतं आणि सी-ए-टी तयार झालं की ते उडी मारून पहिल्या अक्षरावर येतं. सुरुवातीला चूक झाली तरी टोकाचं अक्षर हरवू नये, अशी ती सोय.

कावीळ-ब चं तर उलटच असतं. त्याचा अर्धवट विणलेला ३,२०० जोड्यांचा गोल पेशीचीच दुरुस्तीची एन्झाइमं पुरा करून देतात आणि बंद गोल केंद्रकात वर्षानुवर्षं राहतो. नव्या प्रती मात्र आरएनएवरून उलट्या लिहिल्या जातात. पॉलिमरेज स्वतःच्याच टायरोसिनवर पहिली तीन-चार अक्षरं घालून दुसऱ्या टोकाला उडी मारतं. टेनोफोव्हिर, एंटेकाव्हिर हे उलटं लिखाण अडवतात, त्या बंद गोलाला हात लावत नाहीत. म्हणून गोळ्या मनाने बंद करायच्या नसतात. (उसात आणि केळीत सापडणारे बॅडनाव्हायरस याच पद्धतीचे, फक्त त्यांचा प्रायमर पेशीचा मिथिओनिन टीआरएनए असतो.)

लम्पी या सगळ्यांपेक्षा निराळा, आणि २०२२ ची साथ पाहिलेल्या सातारा-सांगलीत त्याच्याबद्दलच सगळ्यात जास्त चुकीचं बोललं जातं. हा देवीच्या कुळातला विषाणू, सुमारे दीड लाख जोड्यांचा डीएनए. तो केंद्रकात जातच नाही. पेशीचं डीएनए विणण्याचं सगळं सामान केंद्रकात, आणि हा बाहेर पेशीद्रवात बसतो. त्यामुळे सामान स्वतःचं आणावं लागतं. आत शिरताना आरएनए पॉलिमरेज पोटातच असतं, म्हणून गाभा फुटायच्या आधीच सुरुवातीचे जनुक वाचले जातात. पुढचा तपशील व्हॅक्सिनिया या त्याच कुळातल्या विषाणूवरून माहीत आहे. डी-५ हे प्रथिन गाभा उघडायला लागतं आणि तेच पुढे प्रायमेज-हेलिकेजचं काम करतं. ई-९ पॉलिमरेज विणतं, ए-२० आणि डी-४ ची जोडी त्याला साच्यावरून घसरू देत नाही. डीएनएची दोन्ही टोकं वळून बंद झालेली असतात. टोकाजवळ एका धाग्याला चीर पडून मोकळ्या ओएचपासून सुरुवात होते, ही जुनी मांडणी. प्रायमेज सापडल्यावर आरएनएचा टाकाही पडतो असं दिसलं. दोन्ही वाटा एकत्र असू शकतात, आणि मला दुसरीचं पारडं जड वाटतं. ठरावीक आरंभस्थानाबाबत हा विषाणू फार काटेकोर नाही: व्हॅक्सिनिया झालेल्या पेशीत कोणताही गोल डीएनए सोडला तर त्याचीही नक्कल होते. दुसरीकडे पेशीद्रवात डीएनए दिसला की पेशीचं बीएएफ प्रथिन त्याला गुंडाळून टाकतं. विषाणूचं बी-१ कायनेज बीएएफला फॉस्फेट लावून हटवतं, तेव्हाच काम सुरू होतं. नक्कल चालते ती केंद्रकाशेजारी उभ्या राहणाऱ्या 'कारखान्यात'.

म्हणून लम्पीवर ॲसायक्लोव्हिर देऊन उपयोग नाही. देवीकुळातलं थायमिडिन कायनेज वेगळ्या घडणीचं असतं, ते या औषधाला फॉस्फेट लावत नाही आणि औषध जागं होत नाही. एम-पॉक्सच्या बातम्यांमुळे माहीत झालेलं टेकोव्हिरिमॅटही नक्कल थांबवत नाही, विषाणूला पेशीबाहेर पडताना अडवतं. गायीसाठी लसच. २०२२ मध्ये आपल्याकडे शेळ्यांच्या देवीची लस दिली गेली, कारण दोन्ही विषाणू जवळचे भाऊ.

आता प्रयोगाचं. प्रकल्पासाठी जिवंत लम्पी किंवा हर्पिसच्या मागे लागू नका. एसव्ही-४० चं आरंभस्थान असलेला प्लाझ्मिड (जिवाणूत वाढवता येणारा छोटा गोल डीएनए) आणि टी अँटिजेन बनवणाऱ्या २९३-टी किंवा कॉस-७ पेशी एवढ्यावर नक्कल दाखवता येते. प्लाझ्मिड डॅम (मिथाइल लावणारं एन्झाइम) असलेल्या साध्या ई. कोलाय जिवाणूत वाढवा, म्हणजे त्याच्या जीएटीसी जागांवर मिथाइल गट असतात. पेशींत सोडून ४८ तासांनी हर्ट पद्धतीने काढा: ०.६ टक्के एसडीएस या साबणात पेशी विरघळवून मीठ १ मोलरपर्यंत वाढवायचं, रात्रभर ४ अंशांवर ठेवून मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. पेशीचा जड डीएनए खाली बसतो, प्लाझ्मिड वरच्या पाण्यात राहतो. मग डीपीएन-१ या कात्री एन्झाइमने कापा. मिथाइल असलेला जुना प्लाझ्मिड तुकडे होतो, पेशीत विणलेला टिकतो, कारण आपल्या पेशी ती खूण लावत नाहीत.

चुका इथे होतात. प्लाझ्मिड डॅम नसलेल्या जेएम-११० सारख्या वाणात वाढवला तर सगळाच टिकतो आणि नक्कल झाल्याचा भास होतो. हर्टच्या द्रावात मीठ वा एसडीएस राहिलं तर डीपीएन-१ अर्धंच कापतं आणि तोच भास होतो, म्हणून प्रत्येक नळीत वेगळ्या आकाराचा, मिथाइल असलेला एक साधा प्लाझ्मिड थोडा घाला. तो पूर्ण कापला गेला तरच निकाल धरायचा. एकदाच नक्कल झालेल्या प्रतीत एक धागा जुना असतो, ती डीपीएन-१ हळूहळू कापतं, त्यामुळे एन्झाइम जास्त घालून रात्रभर ठेवू नये. दोन फेऱ्या झाल्या की नाही हे बघायचं तर एमबीओ-१ वापरा. ते उलट, फक्त मिथाइल नसलेला डीएनए कापतं. टी अँटिजेन नसलेल्या साध्या २९३ किंवा सीव्ही-१ पेशी तुलनेला हव्यातच.

परवानगी आणि सोय असलेल्या ठिकाणी खऱ्या विषाणूवर क्यूपीसीआरने (डीएनए मोजायच्या पद्धतीने) काम करणार असाल तर दर पेशीमागे विषाणूंची संख्या ५ तरी ठेवा. १ ठेवली तर सुमारे ३७ टक्के पेशी कोऱ्याच राहतात आणि दुसऱ्या फेरीचा विषाणू मिसळून वेळेचा हिशेब बिघडतो. विषाणू ४ अंशांवर तासभर चिकटू द्या, धुवा, मग ३७ अंशांवर न्या, ती शून्य वेळ. पहिल्या दोन तासांत दिसणारा डीएनए आत शिरलेल्या विषाणूचाच असतो, त्याला नक्कल समजू नये. खरी चढण ओळखायला एक संच पॉलिमरेज अडवून चालवा: हर्पिसला फॉस्फोनोॲसेटिक आम्ल ४०० मायक्रोग्रॅम प्रति मिली, देवीकुळाला सायटोसिन अरॅबिनोसाइड ४०. त्या संचात रेषा सपाट राहिली आणि बिनऔषधाच्या संचात सीटी (डीएनए कितव्या फेरीत दिसू लागतो तो आकडा) ३.३ ने खाली आली, तर डीएनए दहापट झाला असं म्हणता येतं, तेही प्रमाण रेषेचा उतार उणे ३.३२ च्या आसपास असेल तरच.

आणि पार्व्हो करणार असाल तर पेशींची चादर पूर्ण भरलेली असताना विषाणू टाकू नका. पेशी नव्याने पसरवतानाच विषाणू मिसळा. भरलेल्या चादरीत विभाजन थांबलेलं असतं, विषाणू आत जाऊनही वाट बघत बसतो, आणि तुम्हाला वाटतं विषाणूचा साठाच मेलाय.